सावकाश ये

"बंद कर! आधी बंद कर तो आवाज!"

आनंदच्या ओरडण्यासरशी जेवणाऱ्यांचे हात ताटातल्या ताटात थांबले. बाळकुमच्या त्या उंच इमारतीत, बाराव्या मजल्यावर, रसिकाचं केळवण चाललं होतं. ताटांभोवती रांगोळी, उदबत्तीचा वास, नवरीच्या केसांत अबोलीचा गजरा... आणि ऐन पुरणपोळीच्या वेळी त्या वेड्या पोरीला हौस सुचली! फोन स्पीकरला जोडून तिने सगळ्यांना विचारलं, "ओळखा बघू कोण बोलतंय?" आणि दिवाणखाना एका आवाजाने भरून गेला. भरदार, किंचित घोगरा, बोलता बोलता मध्येच मनापासून हसणारा आवाज...

त्या आवाजाची धनीण हातात तुपाचं भांडं घेऊन तिथेच वाढायला उभी होती. मैथिलीचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा, अरे आत्याचा पॉडकास्ट आहे तो!" रसिका गोंधळून म्हणाली. "तीन महिने झाले सुरू करून. लोकांना एवढा आवडतोय..."

"कुणाचा आवाज आहे ते तू मला सांगतेस? माझे बाबा तडफडत होते ना, तेव्हा रेडिओवर खिदळत होता तो हाच आवाज! पस्तीस वर्षं मी घरात रेडिओ आणला नाही, आणि आज माझ्याच मुलीने..."

खरकटा हात तसाच घेऊन तो उठला आणि गॅलरीत गेला. रसिकाच्या आईने स्पीकर बंद केला आणि पाहुण्यांना उगाचच पुन्हा पुन्हा पोळीचा आग्रह करायला सुरुवात केली.

मैथिली भावाच्या मागोमाग गेली. त्रेपन्न वर्षांचा, केस पिकलेला तो बाप्या कठड्याला धरून उभा होता, आणि पाठमोरा असला की अजूनही तो तिला रुसलेला लहानगा आनंदाच दिसायचा. त्याला काय करणार!

"आनंदा, भरल्या ताटावरून उठू नये रे. लेकीचं केळवण आहे."

"ताई, सणावाराला तुला बोलावतो ते रसिकासाठी." त्याने मान वळवली नाही. "लग्नात ये. आत्या म्हणून उभी राहा, मानाचं जे असेल ते घे. मी आड येणार नाही. पण ते जे काय चालवलंयस ते चालू ठेवायचं असेल, तर येऊ नकोस. तो आवाज मला माझ्या मुलीच्या मांडवात नको."

"बंद करते." मैथिली लगेच म्हणाली. "एवढंच ना? करते बंद."

पस्तीस वर्षांपूर्वीही ती अगदी असंच, याच शब्दांत म्हणाली होती.

तेव्हा या इमारतीच्या जागी गिरणीची चाळ होती. त्यांचे वडील गुणाजी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. आई हौसाबाई काविळीने गेली तेव्हा आनंद सहा वर्षांचा होता आणि मैथिली चौदाची. आईच्या तेराव्यानंतर नातेवाईक कोकणात परतले आणि परकरातली ती पोर चुलीपुढे बसली, ती बसलीच. भावाला न्हाऊ घालणं, त्याच्या शाळेच्या चड्डीला ठिगळ लावणं, ताप आला की रात्र रात्र उशाशी बसणं... तिच्या परकराचा काठ मुठीत धरल्याशिवाय त्याला झोप लागत नसे. काही अडलं की तो बापाकडे जायचा नाही, ताईकडे यायचा, आणि ताई काहीतरी करून त्याचं काम निभावून न्यायची.

या सगळ्यातून तिने स्वतःसाठी एकच गोष्ट मागून घेतली. तेविसाव्या वर्षी ती मुंबईच्या रेडिओ केंद्रात आवाजाच्या परीक्षेला बसली आणि उत्तीर्ण झाली. दर बुधवारी दुपारी साडेचार ते पाच, श्रोत्यांच्या पत्रांचा कार्यक्रम. नाव 'ओसरी'. कुणी मालवणहून लिहायचं, कुणी बार्शीहून. कुणाची सासू रुसलेली, कुणाच्या म्हशीला जुळी रेडकं झालेली! मैथिली ती पत्रं अशी वाचायची, की घरातलीच कुणीतरी बाई धान्य निवडता निवडता बोलतेय असं वाटावं.

गुणाजींना तर आभाळ ठेंगणं झालं. बुधवारी ते हटकून पहिल्या पाळीला जायचे, घरी येऊन आंघोळ करायचे, धुतलेला सदरा घालायचे आणि रेडिओ खिडकीत ठेवायचे, तोही तोंड बाहेर करून, म्हणजे चाळीतल्या कुणाची सुटका नको! कार्यक्रम संपताना मैथिली इतरांसारखं 'नमस्कार' म्हणत नसे. घरातून निघताना म्हणावं तसं म्हणायची, "येते मी." आणि गुणाजी रेडिओला मोठ्याने उत्तर द्यायचे, "सावकाश ये गं बाय!" अख्खी चाळ हसायची. मैथिलीने मात्र हे स्वतःच्या कानांनी कधीच ऐकलं नाही. त्या वेळी ती घरी नसायची.

ती नसायची याचं कारण फार साधं होतं, आणि त्या साध्या कारणानेच पुढे सगळा घात केला. कार्यक्रम शनिवारी ध्वनिमुद्रित होत असे. शनिवारी ती 'तालीम आहे' म्हणून मुंबईला जायची आणि बुधवारचा कार्यक्रम करून परत यायची. बुधवारी तिचं तिथे काही काम नव्हतं. पण पहिल्याच बुधवारी गुणाजी शेजाऱ्यांना अभिमानाने सांगत होते, "आत्ता! या घडीला बोलतेय माझी पोर, तिकडे मुंबईत बसून!" त्या भोळ्या आनंदावर पाणी ओतायला तिची जीभ रेटली नाही. मग दर बुधवारी जेवणं आटोपली की ती चांगली साडी नेसून, पर्स अडकवून घराबाहेर पडायची, माजिवड्याला कार्मेलच्या घरी जाऊन बसायची, तिथे कार्मेलच्या रेडिओवर स्वतःलाच ऐकायची, स्वतःच्या चुका काढायची आणि दिवेलागणीला मुंबईच्या चार लटक्या गोष्टी घेऊन घरी यायची. कार्मेल तिची शाळेपासूनची मैत्रीण. नर्स होती. तिच्या भावाची, जेरोमची, जीप कायम अंगणात उभी असायची.

त्या बुधवारी सव्वाचारला गुणाजींच्या छातीत कळ आली.

चाळीतले पुरुष पाळीवर गेलेले. दवाखाना पाचला उघडणार. अठरा वर्षांचा आनंद सायकल हाणत गिरणीच्या गेटवर गेला आणि तिथल्या फोनवरून त्याने रेडिओ केंद्र गाठलं. "मैथिलीताईंना सांगा, बाबांना बरं नाही, ताबडतोब या!" तिकडे कुणीतरी आपुलकीने म्हणालं, "निरोप देतो हं." त्या बिचाऱ्याला तरी काय ठाऊक! आनंद घरी आला आणि बापाचं डोकं मांडीवर घेऊन बसला. ताई येईल. ताई डॉक्टर घेऊन येईल. आजवर प्रत्येक संकट ताईनेच निस्तरलं होतं, म्हणून तो वाट बघत राहिला... आणि खिडकीतल्या रेडिओवर ताई कुणाच्यातरी पत्रातल्या म्हशीवर खळखळून हसत होती! पाच वाजून गेले आणि गुणाजींनी मान टाकली.

सातला मैथिली लटकी गोष्ट ओठांवर घेऊनच दारात आली. अंगणात माणसं बघून तिच्या हातातली पर्स गळून पडली.

"तुला निरोप मिळाला होता? फोन केल्यापासून चाळीस मिनिटं तुझी वाट बघितली," आनंद म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणीही नव्हतं.

त्या एका क्षणात तिला सगळं लख्ख दिसलं. खरं सांगावं, तर काय सांगायचं? 'मी तिथे नव्हतेच रे. मी माजिवड्यात होते, तुझ्या सायकलीने दहा मिनिटांवर, एका नर्सच्या घरात, दारात जीप उभी होती...' म्हणजे हा पोर ती चाळीस मिनिटं नुसती वाट बघत बसला, आणि बाप हातचा गेला! हे त्याला कळलं तर? आईविना वाढलेला हा हळवा पोर उरलेलं सगळं आयुष्य ती चाळीस मिनिटंच जगत बसेल. आणि चूक तरी त्याची होती का? लटकं तिचं होतं. मग शिक्षाही तिचीच असायला हवी...

"मिळाला होता," ती म्हणाली. "कार्यक्रम थेट चालू होता... अर्ध्यावर सोडून येता आलं नाही रे."

आनंदने खिडकीतला रेडिओ उचलला आणि अंगणातल्या फरशीवर आपटला. "नसतीस आली तरी चाललं असतं! पण तू हसत होतीस, ताई! बाबा मरतायत हे ठाऊक असून हसत होतीस!"

"बंद करते," ती कशीबशी म्हणाली. "आजपासून बंद."

कार्मेलला तिने येशूची शपथ घातली. रेडिओ केंद्राला पत्र लिहून टाकलं. एक स्थळ सांगून आलं होतं, त्यांना नकार कळवला. पुढे खोपटच्या एसटी स्टँडवर नियंत्रण कक्षात नोकरी लागली आणि ज्या आवाजात बार्शी-मालवणची सुखदुःखं बोलली होती, त्या आवाजात ती 'भिवंडीकडे जाणारी बस फलाट क्रमांक चारवर लागत आहे' असं सांगू लागली. भावाला शिकवलं, नोकरीला लागलेलं पाहिलं, त्याचं लग्न लावून दिलं. तो कामापुरतं बोलायचा. स्टँडसमोरून जायचा, पण आत कधी आला नाही. सव्वीस वर्षं तिने माईकपुढे काढली, आणि त्या सव्वीस वर्षांत ती माईकवर एकदाही हसली नाही.

निवृत्तीनंतर डोंबिवलीच्या एका खोलीच्या घरात तिचे दिवस एकसारखे जात होते, तेवढ्यात रसिका बोटाएवढा माईक घेऊन आली. कार्मेलने तिच्याकडे रेडिओच्या दिवसांचं कौतुक केलं होतं. शपथेचं सोडून बाकी सगळं सांगितलं होतं, आणि कार्मेलचं सांगणं म्हणजे काय विचारता!

"आत्या, आता आवाजाची परीक्षा नाही, केंद्र नाही, काही नाही. तू आहेस, फोन आहे, झालं ना!"

"वेडी आहेस का? माझं वय काय..."

"आवाजाला कुठे वय असतं? तू बोल गो," फोनवरून कार्मेल ओरडली. "आपण मरायच्या आधी मला एकदा तुझी ओसरी परत ऐकायचीय!"

महिनाभर मैथिलीने ताकास तूर लागू दिली नाही. मग एका बुधवारी तिने कपाटातल्या साड्या बाजूला सारल्या आणि त्या पोकळीत स्टूल घेऊन बसली, कारण खोलीत आवाज घुमत होता आणि शेजारचा कुकर शिट्ट्या देत होता. जुनी सवय हातांना आठवली. हातातल्या दोन बांगड्या काढून तिने बाजूला ठेवल्या. माईकला बांगडीची किणकिण खपत नाही. कागदावर पेन्सिलीने श्वासाच्या खुणा केल्या. कोमट पाण्याचा घोट घेतला.

"नमस्कार. या, ओसरीवर बसा..."

आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला, कार्मेलने पाठवलेली एक गंमत सांगताना ती हसली! स्वतःच्या त्या हसण्याला ती इतकी दचकली, की तोंडावर हात ठेवून साड्यांमध्ये डोकं खुपसून हुंदके देत बसली. बाहेर रसिकाला वाटलं, आत्याला आनंद झाला. तो तर झालाच होता... पण त्या आनंदाची तिला इतकी वर्षं भीती वाटत आली होती. ती भीती पोरीला कशी सांगणार?

तेव्हापासून दर बुधवारी ती साड्यांमध्ये बसून बोलायची आणि रविवारी पाच वाजता रसिका ते लोकांपर्यंत पोचवायची. लग्नाच्या गडबडीत खंड नको म्हणून रसिकाने दोन भाग आधीच लावून ठेवले होते. आणि मग ते केळवण झालं.

गुरुवारी संध्याकाळी रसिका डोंबिवलीला आली ती भांडायच्याच तयारीने.

"मी नाही बंद करणार! बाबा काहीही बोलतो आणि तू ऐकून घेतेस? तू काय गुन्हा केलायस? लाइव्ह प्रोग्रॅम सोडून कुणी येऊ शकतं का?"

"रसिका, तुझ्या बाबाला लहानपणापासून मी ओळखते. त्याला दुखलं की तो ओरडतो. त्याला ओरडू दे, बाळा. ओरडतोय तोवर त्याचं दुःख बाहेर तरी पडतंय."

"आणि तुझं?"

मैथिली नुसती हसली. "एवढं कर. निरोपाचं दोन मिनिटांचं बोलून घेते, ते टाक आणि मग सगळं बंद कर. माणसं रविवारी वाट बघतात गं. न सांगता उठून जाणं बरं नाही."

तिने बांगड्या काढून रसिकाच्या हातात दिल्या. कपाटात शिरली, स्टुलावर बसली, पाण्याचा घोट घेतला. समोरच्या कागदावरची अक्षरं किंचित हलल्यासारखी वाटली. तिने डोळे मिटून उघडले. पहिला शब्द 'नमस्कार' होता. हजारो वेळा म्हटलेला. तिने तोंड उघडलं आणि शब्द आलाच नाही! घशातून एक वेडावाकडा आवाज आला. पुन्हा प्रयत्न केला. उजवा हात मांडीवरून घसरून खाली लोंबू लागला. आपण पडतोय हे तिला कळत होतं. रसिकाला सांगावं, 'घाबरू नकोस पोरी' म्हणावं असं मनात स्पष्ट येत होतं... साड्यांचा तो मऊ ढीग अंगावर आला आणि रसिकाची किंकाळी दूर दूर जात राहिली.

पक्षाघात. माजिवड्याच्या इस्पितळात, पांढऱ्या पडद्यांमागे, डॉक्टर आनंदला सांगत असलेलं तिला सगळं ऐकू येत होतं. जिवाचा धोका टळलाय. उजवी बाजू हळूहळू सुधारेल. बोलणं मात्र... समजतंय त्यांना सगळं, पण शब्द परत येतील का, किती येतील, आत्ता सांगता येणार नाही.

मैथिलीने डोळे मिटून घेतले. देवा, एवढं कशाला केलंस? मी बंद करतच होते ना!

आनंद तीन दिवस हलला नव्हता. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून असायचा, औषधं आणायचा, चादर ओढून द्यायचा. रसिकाने दिलेल्या त्या दोन बांगड्या त्याच्या सदऱ्याच्या खिशात होत्या आणि वाकला की एकमेकींवर वाजत होत्या. तिला इस्पितळात आणताना, कधी नव्हे तो, त्याने तिचा हात धरला होता. पण डोळ्याला डोळा देत नव्हता.

रविवारी तो नारळपाणी आणायला खाली गेला होता. कार्मेल चर्चहून येऊन पायाशी जपमाळ ओढत बसली होती. पाच वाजले आणि रसिकाचा फोन वाजला. तिने पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"आत्या... तो दुसरा भाग! मी शेड्यूल केलेला, काढायला विसरले..." तिचे डोळे भरून आले. "ऐकायचंय तुला? अगदी हळू लावते."

मैथिलीने पापण्या मिटून 'हो' म्हटलं. रसिकाने फोन तिच्या उशाशी ठेवला. "नमस्कार," तिचाच आवाज तिच्या कानाशी म्हणाला. किती सहज! जसा काही तो शब्द कुणालाही, कधीही म्हणता येतो.

"आज तुम्हाला माझ्या बाबांची गंमत सांगते. आमचे बाबा रेडिओ खिडकीत ठेवायचे, तोही तोंड बाहेर करून..." आणि उशाशी ती खळखळून हसू लागली.

दारात आनंद उभा होता. हातातलं नारळपाणी हिंदकळलं.

"रसिका! इथेसुद्धा? तुला लाज..."

आणि तो थांबला. त्याने फोनकडे पाहिलं. मग बिछान्याकडे. तोंड वाकडं झालेली, ओठ न हलणारी त्याची बहीण डोळ्यांतून पाणी गाळत पडली होती, आणि तिथेच, तिच्याच उशाशी, ती हसत होती.

त्याने हातातलं नारळपाणी खाली ठेवलं. मग अगदी हळू म्हणाला, "हे... हे ती कधी बोलली?"

"आधीच, बाबा. केळवणाच्याही आधी. बुधवारी करून ठेवते आणि मग रविवारी लागतं."

"आज लागलंय... पण ती आज बोलत नाहीये."

"असंच असतं, बाबा. रेडिओवरही बरेचसे कार्यक्रम असेच..." रसिकाने वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

मैथिलीला कळून चुकलं. नको! हे नको! पस्तीस वर्षं जिवापाड जपलेलं ते तिच्याच आवाजाने उघडं करावं? तिने डावा हात उचलून फोन झाकायचा प्रयत्न केला, पण हात पोचेना.

"शनिवारची तालीम," आनंद स्वतःशीच पुटपुटला. "दर शनिवारी तालीम असायची... कार्मेल, बुधवारी ही कुठे असायची?"

"मला नको विचारू, आनंद." कार्मेल हुंदका आवरत म्हणाली. "पस्तीस वर्षांपूर्वी हिने मला येशूची शपथ घातलीय."

एवढं पुरे होतं. माजिवडा, कार्मेलचं घर, अंगणातली जीप... सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलेलं मैथिलीला दिसलं. तो बिछान्याशी आला आणि गुडघ्यांवर बसला.

"ताई. त्या दिवशी तू मुंबईत होतीस? स्टुडिओत होतीस?"

वाचा गेली होती. नाहीतर तिने शपथेवर सांगितलं असतं, हसून उडवून लावलं असतं, रागावली असती! आता तिच्याजवळ फक्त मान होती. तिने सगळा जीव एकवटून मान हलवली. होते. होते स्टुडिओत.

आनंदने तिच्या डोळ्यांत पाहिलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. आणि तो लहान मुलासारखा रडू लागला.

"अजून? अजून मला वाचवतेस? मी तुझा रेडिओ फोडला, तुझं तोंड बघितलं नाही, तुझ्या जिवावर शिकलो आणि तुझ्याच स्टँडवर कधी पाय ठेवला नाही... आणि तू हे घेऊन एकटी जगलीस, ताई?"

मैथिलीने पुन्हा मान हलवली. होते. होते.

त्याने डोळे पुसले. घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बरं. होतीस. तू म्हणतेस ना, मग होतीस तू स्टुडिओत. मी कुणाला काही विचारणार नाही." त्याने तिचा डावा हात कपाळाशी धरला. "पण माझंही एक राहिलंय. मीही तुला एक सांगितलं नाही... रागाने नाही सांगितलं. वाटलं, हिला कशाला हे सुख द्यायचं? किती दुष्ट होतो मी! त्या दिवशी मी रेडिओ बंद करायला उठलो होतो, तर बाबांनी माझा हात धरला. राहू दे म्हणाले. त्यांना तुझं हसू ऐकायचं होतं, ताई. दुखत होतं, घाम सुटला होता, तरी तू हसलीस की तेही हसत होते..."

खोलीत फोनवरचा तो आवाज अजून बोलत होता. "आणि गंमत म्हणजे," मैथिली फोनवर सांगत होती, "मी निरोप घेतला की बाबा रेडिओला उत्तर द्यायचे म्हणे! चाळीतल्या बायका सांगायच्या. मी कुठे ऐकलंय कधी? राहूनच गेलं ते ऐकायचं..."

"ते गेले ना, ताई, ते तुला हाका मारत नाही गेले," आनंद म्हणाला. "तू आली नाहीस म्हणून नाही गेले. तू रेडिओवर निरोप घेतलास, आणि ते... ते तुझ्याशी बोलूनच गेले."

इतकी वर्षं मैथिली रोज पहाटे बापाची हाक ऐकत उठली होती; मैथिली, कुठे आहेस, अशी हाक. तशी हाक त्यांनी मारलीच नव्हती!

"रसिका," आनंद म्हणाला, "आवाज वाढव. दरवाजा उघडा असला तर असू दे. ऐकू दे सगळ्यांना."

रसिकाने आवाज वाढवला. बाहेरून जाणारी नर्स क्षणभर थबकली. आनंदने खिशातून बांगड्या काढल्या आणि एक एक करून, दुखू नये अशा बेताने, बहिणीच्या डाव्या हातात चढवल्या. कार्मेल भिंतीकडे तोंड करून रडत होती.

"चला, पुढच्या रविवारी भेटू," फोनमधली मैथिली म्हणाली. पुढचा रविवार कुणी करून ठेवलेला नव्हता. एक हलकासा श्वास ऐकू आला. पेन्सिलीने खूण केली होती तिथला. "येते मी."

फोन शांत झाला. आनंदने बहिणीच्या कानाशी तोंड नेलं आणि त्याच्या तोंडून गुणाजींचा सूर जसाच्या तसा आला. पस्तीस वर्षं त्याने तो आपल्याजवळ ठेवून घेतला होता.

"सावकाश ये गं, बाय."